चौघी, तिघी, दोघी

मेहकरहून जानेफळकडे जाताना डाव्या हाताला माळावर जे विद्यापीठ दिसतं, तिथं बास्केटबॉलचं मैदान एकच. सिमेंटचं, वर छप्पर नाही. त्यावर दोन संघ खेळायचे. संध्याकाळी गोकुळ सरांचा मुलांचा, पहाटे संजीवनी मॅडमचा मुलींचा. संध्याकाळ आधीच मुलांची होऊन बसली होती आणि ती मागावी असं कुणाला सुचलं नाही. संजीवनीलाही नाही. मैदान मिळालं यातच ती खूष होती.

ती मूळची मेहकरचीच. तिच्या कॉलेजच्या काळात मुलींचा संघ असा नसायचाच. स्पर्धा जवळ आली की कबड्डीतल्या, धावण्यातल्या पोरी गोळा करायच्या, चार दिवस हातात चेंडू द्यायचा आणि हरायला पाठवायचं. संजीवनी दरवर्षी तशी जायची आणि तशीच हरून यायची. पुढं शारीरिक शिक्षणाची प्राध्यापक होऊन ती या माळावर आली, तेव्हा तिनं मनाशी एकच धरलं होतं, की आपल्या पोरी निदान खेळून हरतील. ती स्कूटीवरून गावोगाव फिरली. ओट्यांवर बसली, चहा प्याली, आयांशी बोलली. हिवरा आश्रम गावची उंच रेणुका तिनं अशीच आणली. वडनेर भोलजीची कांचन होस्टेलवर राहायची, ती आपण होऊन आली. डोणगावच्या दोघी चुलतबहिणी एकमेकींशिवाय कुठं जात नसत, म्हणून दोघी आल्या. अश्विनी फारशी खेळायची नाही, पण तिच्यामुळं सगळा संघ हसता राहायचा.

आणि जानेफळची पूनम. अंगानं लहानखुरी, पण पायाला भिंगरी. तिचे वडील कडूबा वांगी-मिरच्या पिकवायचे आणि मेहकरच्या बाजारात स्वतः बसून विकायचे. पोरगी खेळायला लागल्यावर त्यांनी खळ्यातल्या लिंबाला एका जुन्या ड्रमचं लोखंडी कडं ठोकून दिलं. आई गीताबाई सुरुवातीला पूनमच्या हाफ पँटवर कुरकुरली, मग ती पँट स्वतः धुवायला लागली, आणि शेवटी तर घराच्या मागं वाळत घालायची सोडून पुढच्या दोरीवर घालायला लागली. संजीवनीला ती पँट येता-जाता रस्त्यावरून दिसायची. आपण इतक्या वर्षांत काय केलं असं कुणी विचारलं असतं तर तिनं ती दोरी दाखवली असती.

गेल्या हिवाळ्यात दोन्ही संघ एकाच बसनं अमरावतीला स्पर्धेला गेले. मुलं लवकर बाद झाली. मुलींनी मात्र तिसरा क्रमांक काढला आणि विद्यापीठाच्या नावावरचा पहिला चषक घेऊन त्या बसमध्ये चढल्या. परतताना पातूरच्या अलीकडं एका ढाब्यावर बस चहाला थांबली. ऊन अजून होतं. ढाब्यावर गाणं लागलेलं होतं आणि अश्विनीच्या अंगात आलं. ती नाचायला लागली तशा बाकीच्याही उठल्या, सामन्याचेच कपडे अंगावर. गोकुळ सर टाळ्या वाजवत होते. पोरींनी संजीवनीला ओढलं आणि क्षणभर तीही नाचली.

मुलांच्या संघातला सगळ्यात चांगला खेळाडू संघर्ष. तो बाजूला खुर्चीवर बसून मोबाइलवर हे सगळं घेत होता. कुणाचं लक्ष गेलं असतं तरी त्यात कुणाला काही वाटलं नसतं. दुसऱ्या दिवशी त्यानं तेच जरा हळू करून, अश्विनीवर जास्त वेळ थांबेल असं कापून मोबाइलच्या गटांवर टाकलं, आणि वर लिहिलं, ‘माळावरच्या पोरी चषक कशा जिंकतात पाहा.’

दुपार व्हायच्या आत ते हिवरा आश्रमला पोचलं, जानेफळला पोचलं, डोणगावला पोचलं. कुठल्या गटातून कुठल्या गटात गेलं याचा माग कोण काढणार? संध्याकाळी अश्विनीचे मामा होस्टेलवर आले आणि तिची पेटी उचलून निघाले. ती त्यांच्यामागून खाली मान घालून चालली होती. संजीवनी धावत फाटकाशी गेली, पण मामांनी तिच्याकडं पाहिलंही नाही. अश्विनीनं पाहिलं. त्यानंतर ती विद्यापीठात कधी दिसली नाही, आणि संक्रांतीच्या सुमाराला तिचं लग्न ठरल्याचं कानावर आलं.

मग एकेक करून पोरी गळायला लागल्या. कुणाच्या घरी आजी आजारी पडली, कुणाला पहाटेची थंडी बाधायला लागली. खरं कारण कुणी सांगितलं नाही आणि संजीवनीनं विचारलं नाही.

ती कुलसचिव राजकुमार सरांकडं गेली. त्यांनी गोकुळ सरांना आणि संघर्षला बोलावून घेतलं. संघर्ष उभ्या-उभ्या रडला. गंमत केली होती म्हणाला, चूक झाली म्हणाला, सगळ्यांच्या देखत ते काढून टाकलं. काढून काय होणार होतं, ते तोवर प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसलं होतं. राजकुमार सर समजुतीच्या सुरात बोलले. पोराची राज्याच्या शिबिरासाठी निवड झालेली आहे. प्रकरण पोलिसात गेलं तर त्याचं आयुष्य जाईल. आणि पोरींनाही तिथं जबाब द्यायला जावं लागेल, ते त्यांच्या घरच्यांना चालेल का, याचाही विचार करा. संजीवनी म्हणाली, पोलिसात नका देऊ, पण याला निदान या वर्षी संघातून काढा. राजकुमार सरांनी गोकुळ सरांकडं पाहिलं. गोकुळ सरांनी टेबलाच्या काचेकडं पाहिलं.

बाहेर व्हरांड्यात गोकुळ सर तिच्या मागोमाग आले. माणूस वाईट नव्हता. तिच्या पोरींना चेंडू पास करायला त्यांनीच सुट्टीच्या दिवशी येऊन शिकवलं होतं.

‘‘तो गेला तर माहा संघ राहत नाही, मॅडम,’’ ते हळू आवाजात म्हणाले.

‘‘माहा तर गेलाच, सर.’’

त्यांनी घड्याळ पाहिलं. मग संध्याकाळच्या सरावाची वेळ झाली म्हणून गेले.

या सगळ्यातून विद्यापीठानं एक नियम मात्र केला. मुलं आणि मुली यापुढं एका बसनं जाणार नाहीत. बस एकच होती, ती मुलांना राहिली. मुलींनी एसटीनं जायचं. शिवाय राजकुमार सरांनी बजावून ठेवलं की विद्यापीठांच्या स्पर्धेत या वर्षी मुलींचा संघ उतरला नाही, तर पुढच्या वर्षापासून मुलींचं बास्केटबॉल बंद. संघच नाही तर चालवायचं काय, असं ते म्हणाले.

संघ म्हणजे पाच. रेणुका टिकून होती. कांचनचं गाव लांब असल्यामुळं तिच्या घरी अजून काही पोचलं नव्हतं. चुलतबहिणींच्या आजोबांनी संजीवनीला ओट्यावर तासभर बसवून ठेवलं आणि अखेर पोरींना जा म्हणाले. राहिली पूनम. ती दोन आठवडे आलीच नव्हती.

संजीवनी जानेफळला गेली तेव्हा कडूबा मिरच्या निवडत बसले होते. त्यांनी तिला खाट दिली, गीताबाईला चहा ठेवायला सांगितला, आणि पुन्हा मिरच्यांत हात घातले.

‘‘तुमच्यावर राग नाई माहा,’’ ते म्हणाले. ‘‘पन बाजारात मले आता कोनी मिरचीचा भाव नाई इचारून राह्यलं, मॅडम. पोरीचा डान्स पुन्हा केव्हा हाये, ते इचारते. पुढ्यात उभे राहून इचारते. म्या त्यायले मिरची तोलून देतो.’’

पूनम आतल्या दाराशी उभी होती, ओढणी डोक्यावरून घेतलेली. तिला असं संजीवनीनं कधी पाहिलं नव्हतं.

‘‘एकच स्पर्धा, कडूबाभाऊ,’’ संजीवनी म्हणाली. ‘‘मी सोता नेते, सोता आणून सोडते. जशी नेली तशी.’’

कडूबा मिरच्या निवडत राहिले. चुलीपासून गीताबाईच म्हणाली, ‘‘जाऊ द्या एक डाव. मंग कुठं खेळनार हाये ते.’’

कडूबांनी हातातली मिरची टोपलीत टाकली. ‘‘हाव. पन जशी नेली तशीच आनजा.’’

स्पर्धा संभाजीनगरला होती. एसटीत पोरी गप्प होत्या. अश्विनी असती तर तिनं कंडक्टरची नक्कल केली असती, असं एकीनं म्हटलं आणि सगळ्या खिडकीबाहेर बघायला लागल्या.

पहिलाच सामना पुण्याकडच्या एका संघाशी पडला. त्यांच्या बाकावर बदली पोरी ओळीनं बसलेल्या, पाठीवर नावं, प्रत्येकीची वेगळी बाटली. संजीवनीचा बाक रिकामा. ती त्यावर एकटी बसली, शेजारी पाच पिशव्या ठेवून. पंचांनी विचारलं की बाकीच्या मुली कुठं आहेत. ती म्हणाली, एवढ्याच.

पहिल्या भागात मात्र तिच्या पोरींनी कमाल केली. घरात कोंडलेली पोर अंगणात सुटावी तशी पूनम सुटली होती. तिला अडवायला दोघी-दोघी धावायच्या आणि ती मधून निघून चेंडू रेणुकाच्या हातात ठेवायची. काही वेळ त्या पुढंच होत्या. समोरचे प्रशिक्षक उठून उभे राहिले, एवढं संजीवनीला पुरलं. तिला वाटलं, आता काय व्हायचं ते होवो.

पण समोरून दर थोड्या वेळानं ताज्या पोरी मैदानात येत होत्या आणि इकडं त्याच पाच. धाप लागली की पाय मागं राहतो, पाय मागं राहिला की हात पुढं जातो, आणि हात लागला की फाऊल. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर, आणि बदली कुणी नसेल तर जागा रिकामीच. तिसरा भाग संपता-संपता थोरली चुलतबहीण बाहेर गेली. मैदानात चौघी राहिल्या. धाकटी तिच्याविना कधी कुठं खेळलीच नव्हती. ती थोडा वेळ इकडं-तिकडं धावली आणि मग पोटरीत गोळा येऊन खाली बसली, ती उठेचना. तिघी.

संजीवनीनं खेळ थांबवून पोरींना जवळ घेतलं. समोरचे प्रशिक्षक येऊन सौजन्यानं सांगून गेले की हवं तर इथंच थांबू, त्यात कमीपणा नाही. रेणुकाचे डोळे पांढरे झाले होते. पूनम पाणी पिताना एकाच पायावर भार देऊन उभी होती. मघाशी उडी मारून उतरताना तिचा डावा गुडघा आत वळलेला संजीवनीनं पाहिला होता. तिनं विचारलं तेव्हा पूनमनं काही नाही म्हणून मान हलवली, आणि संजीवनीनं ते मानलं. मानायचं होतं म्हणून मानलं.

‘‘थांबायचं का?’’ तिनं विचारलं.

‘‘नका थांबवू, मॅडम,’’ पूनम म्हणाली. ‘‘घरी गेल्यावर थांबाचंच हाये.’’

संजीवनीला त्या वेळी नाही म्हणता आलं असतं. तिला तो अधिकार होता, आणि तेच तिचं काम होतं. पण पूनमच्या तोंडावर ती ओढणीतली पोरगी नव्हती, आणि संजीवनीला ती परत पाहायची नव्हती. तिनं मान हलवली.

तिघी खेळल्या. समोरच्यांचे गुण वाढत गेले, फलकाकडं पाहायचं तिनं सोडून दिलं. मग रेणुकाचा पाचवा फाऊल झाला. ती येऊन बाकावर बसली आणि तिनं टॉवेलमध्ये तोंड घातलं. दोघी राहिल्या, पूनम आणि कांचन, आणि समोर पाच. प्रेक्षकांत आधी हसू झालं होतं, ते आता थांबलं. पूनमनं चेंडू घेतला, एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं, आणि उंच उडी घेतली. चेंडू जाळीत गेला की नाही हे संजीवनीला कधीच आठवलं नाही. तिला फक्त पूनम खाली येताना दिसली आणि तो आवाज ऐकू आला, ओली फांदी पिरगाळावी तसा.

स्ट्रेचर आलं, पूनमला बाहेर नेलं. ती रडत नव्हती, दात खाऊन छताकडं पाहत होती. मैदानात कांचन चेंडू छातीशी धरून एकटी उभी राहिली होती. पंच संजीवनीजवळ आले.

‘‘एकटीला खेळता येत नाही, मॅडम,’’ ते म्हणाले, आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

पूनमला एसटीनं नेणं शक्य नव्हतं, म्हणून संजीवनीनं जीप केली. वाटभर तिनं पूनमचा पाय मांडीवर धरून ठेवला होता. जानेफळला जीप थांबली तेव्हा कडूबा दारात उभे होते. त्यांना फोनवर सगळं सांगितलेलं होतं. ती कशीबशी म्हणाली, भाऊ, माहं चुकलं. कडूबा तिच्याकडं न पाहता जीपशी आले, लेकीला लहानपणी घ्यायचे तसं पाठुंगळी घेतलं, आणि आत गेले. शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं. गीताबाईनं दार लावून घेतलं.

डॉक्टर म्हणाले की गुडघ्याच्या आतला बंध तुटला आहे. मोठं ऑपरेशन केलं तर पोरगी पुन्हा खेळू शकेल, नाही तर जपून चालेल. कडूबांनी विचारलं, चालेल ना? डॉक्टर हो म्हणाले. तिथं विषय संपला.

विद्यापीठातही संपला. राजकुमार सरांनी तिला बोलावून सांगितलं की ती संघ घेऊन गेली हे खरं, पण एवढी गंभीर दुखापत झाल्यावर मुलींच्या सुरक्षिततेचा विचार करावा लागतो. मुलींसाठी आता योगासनांचा वर्ग सुरू करायचा, तो तिनंच घ्यावा. पहाटेचं मैदान मुलांना जादा सरावासाठी मिळालं. संजीवनीनं हे ऐकून घेतलं. भांडायला गेलं तर तिच्याजवळ एक गुडघा होता, आणि तो त्यांच्या बाजूनं बोलत होता.

उन्हाळ्याच्या तोंडावर मुलांचा संघ मोठी स्पर्धा जिंकून आला. सत्काराला ओवाळायला पाच मुली हव्यात असा निरोप आला. आपल्या त्या खेळाडू मुली उंच आहेत, फोटोत चांगल्या दिसतील, असंही राजकुमार सर म्हणाले. तिनं रेणुकाला आणि कांचनला विचारलं, नाही म्हणतील या आशेनं. त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही म्हणाल तर येतो, मॅडम.’’ त्यांचा तो पडेल आवाज ऐकून तिला स्वतःचीच लाज वाटली. तिनं त्यांना परत पाठवलं आणि तबक स्वतः हातात घेतलं. गोकुळ सर तिच्याकडं बघायचं टाळत होते. संघर्षच्या कपाळाला तिनं कुंकू लावलं. तो पाया पडायला वाकला, आणि वाकलेल्या पोराला इतकी वर्षं जे म्हणत आली तेच तिच्या तोंडून गेलं, ‘‘यशस्वी हो.’’

त्या दिवशी ती जेवली नाही. नवरा प्रेमानंद म्हणाला, सोड ती नोकरी. ती म्हणाली, सोडून काय होईल.

वैशाखात गीताबाई तिच्या घरी आली. पूनमचं लग्न ठरलं होतं. पाहायला आले त्या दिवशी पोरीला आधीच सतरंजीवर बसवून ठेवलं होतं, म्हणजे चाल दिसू नये. नंतर कळलं, पण मंडळी चांगली निघाली, त्यांनी मोडलं नाही. विहिरीच्या पायरीवरून घसरली असं त्यांना सांगितलं आहे, ती म्हणाली. मग पदराशी चाळा करत बसली.

‘‘तुमी लग्नाले या, मॅडम. पूनमनं सांगतलं हाये. पन कोनी इचारलं त ते खेळत होती असं सांगू नका. ते व्हिडिओचं पुन्हा निघंन.’’

संजीवनी म्हणाली, ‘‘नाही सांगणार, ताई.’’

लग्न जानेफळलाच होतं, घरापुढच्या मांडवात. कडूबांनी तिला नमस्कार केला आणि सावलीतली खुर्ची दिली. पूनम पाटावर बसली होती, हातभर हिरव्या बांगड्या, तोंडावर पावडर. तिनं संजीवनीला पाहिलं, ओळखीचं हसली, आणि लगेच मान खाली घातली, कुणी हसताना पकडल्यासारखी. नवरदेव शेजारच्या माणसाशी बोलत होता. चेहऱ्यानं गरीब वाटत होता.

नवऱ्याकडची एक वयस्कर बाई संजीवनीच्या शेजारी येऊन बसली. तिनं विचारलं, तुमी नवरीच्या कोन? संजीवनी म्हणाली, शिक्षिका.

‘‘काय शिकवत होत्या पोरीले?’’

मांडवात भटजींचा आवाज लागला होता. लोक अक्षता घेऊन उठायला लागले होते.

‘‘योगासनं,’’ संजीवनी म्हणाली.

बाईला बरं वाटलं. तिची कंबर फार दिवसांपासून धरलेली होती, एखादं सोपं आसन असेल तर सांगा म्हणाली. संजीवनीनं तिला खुर्चीवर ताठ बसायला लावलं, आणि श्वास आत घेताना हात कसे वर न्यायचे, सोडताना कसे खाली आणायचे, ते करून दाखवलं. तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली. पूनमला दोघींनी दोन्हीकडून धरून उभं केलं. बाई अक्षता टाकायला उठली. संजीवनीच्या मुठीतल्या अक्षता घामानं चिकटल्या होत्या, त्या तिथंच बसून ती सोडवत राहिली.